वाईन रंगाचं जाकीट

आमच्या कापडाच्या दुकानात सगळ्यात जास्त मागितला जाणारा रंग म्हणजे वाईन कलर. ब्लाउजपीस असो, अस्तर असो की आहेराची साडी, परभणीच्या बाईपुढे वाईन कलर टाकला की ती निदान हात लावून तरी बघते. तीसेक वर्षं मी हा रंग ताग्यातून कापून देतोय. मरून वेगळा, डाळिंबी वेगळा, वाईन वेगळा. गिऱ्हाईक ऐकेना की मी त्याला दुकानाच्या पायरीवर उजेडात नेतो, पांढऱ्या मांजरपाटावर कापड धरतो आणि फरक दाखवतो. पण ज्या वस्तूवरून या रंगाला नाव पडलं, ती वस्तू मी साठीला टेकेपर्यंत डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पाहायचं कारणच नव्हतं. आम्ही लिंगायत, आमच्या घरात गळ्यात लिंग असतं, सकाळी त्याची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी जात नाही. बाटलीतलं काही घरात आलं असेल तर ते सरबत.

आणि माझ्या मुलीनं नोकरी धरली ती वाईन पिणाऱ्यांसाठी कपडे करणाऱ्या कंपनीत.

ती पुण्याला कापडाचं डिझाइन शिकली. तोपर्यंत मला सगळं समजत होतं. दुकानदाराची पोरगी कापडाचं शिकते, यात न समजण्यासारखं काय आहे? पुढे तिनं फोनवर सांगितलं की नोकरी लागली, आणि कामाचं वर्णन केलं. वाईनची आवड असलेल्या लोकांसाठी शर्ट, स्टोल, बाटली न्यायच्या पिशव्या, टेबलावरची कापडं. मी तिला तीनदा विचारलं, की प्यायला वेगळे कपडे कशाला लागतात. आमच्या गल्लीत जे पितात ते अंगावरच्या कपड्यानिशी पितात, आणि काही जण तर घरी येताना तेही नीट आणत नाहीत. ती हसली. म्हणाली, "अप्पा, ही वेगळी गोष्ट हाय. लोक ती हौसेनं पितात, रंग बघतात, वास घेतात, त्या दिवशी काय घालायचं ते ठरवतात." मला त्यातलं काहीही कळलं नाही. न कळलेल्या गोष्टीचा मला राग येतो, तो माझा जुना दोष आहे.

त्याच रागात मी एक गोष्ट केली, ती मला सांगावीच लागेल. तिला नोकरी लागून महिना झाला असेल. ती घरी आली होती. आमचं घर दुकानाच्या वरच आहे. खाली दुकानात आमच्याच समाजातले एक गृहस्थ आले आणि त्यांनी विचारलं, "पोरगी काय करायलीय सध्या?" मी म्हणालो, "पडद्याच्या कापडाचं काम करते." ते बरं म्हणाले आणि धोतरजोडा घेऊन गेले. मी वळलो तर ती जिन्यात उभी होती. हातात चहाचा कप होता, माझ्यासाठी आणलेला. तिनं तो काउंटरवर ठेवला आणि वर निघून गेली.

त्या दिवसापासून तिनं मला तिचं काम दाखवणं बंद केलं. आधी ती नमुन्यांचे फोटो पाठवायची, हा रंग कसा वाटतो, ही वीण टिकेल का, असं विचारायची. दोन वर्षांत एकही फोटो आला नाही. फोन यायचे, तब्येत, जेवण, आईचे गुडघे, एवढंच. मला वाईट वाटत होतं, पण विषय काढायचा कसा तेच सुचत नव्हतं. पडदे हा शब्द घरात कुणी काढला तरी मी उठून खाली जायचो.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा नाशिककडचा, आमच्याच समाजातला, पण त्यांच्या द्राक्षाच्या बागा, आणि द्राक्षं जातात वाईनला. आमचा जंगम, म्हणजे समाजाचा पुरोहित, म्हणाला, पिकवणं आणि पिणं यात फरक आहे. मी मान डोलावली. मुलगा चांगला होता, हात जोडून बोलायचा. साखरपुडा परभणीला करायचा ठरला. मोठी माणसं साखरपुड्याच्या सकाळी येणार होती, आणि आदल्या संध्याकाळी मुलाच्या बहिणीनं पिंगळी गावाच्या अलीकडे एका ओळखीच्यांच्या शेतातल्या घरी एक कार्यक्रम ठेवला होता. दोघांचे मित्रमैत्रिणी, थोडं खाणं, त्यांच्याकडच्या दोन-चार जातींच्या वाईनी, आणि आमच्या मुलीनं केलेल्या वस्तू मांडून ठेवायच्या.

मुलीनं फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "अप्पा, तुमी या. पिऊ नका, हात लावू नका, थोडा वेळ थांबून निघा. पण या. तितं सगळी माझी माणसं असतील. तुमी न्हाई आलात तर मी त्यांना काय सांगू, की माझ्या वडलांना माझं काम सांगायची लाज वाटते?"

दोन वर्षांत ती पहिल्यांदाच त्या गोष्टीवर बोलली होती. मी म्हणालो, "येतो की." ती म्हणाली, "कपड्याचं कसं करता? मी एक लिननचा शर्ट आणू का?" झालं. तीस वर्षं कापड विकणाऱ्या माणसाला पोरगी शर्ट आणणार. मी म्हणालो, "कपड्याचं मला शिकवू नको. मी बघतो माझं." तिथंच मी चुकलो, पण ते कळायला अजून पंधरा दिवस होते.

कार्यक्रमासाठी मुलाच्या बहिणीनं मोबाइलवर एक ग्रुप केला होता. त्यात मलाही घेतलं. कुणी काय घालायचं याची कल्पना यावी म्हणून तिनं आधीच्या अशाच कार्यक्रमांचे फोटो टाकले होते. मी दुकान उघडायच्या आधी चष्मा लावून ते फोटो एक-एक करून बघितले. बघता बघता मी चक्रावून गेलो. सगळे शिकले-सवरलेले, चांगल्या घरचे दिसत होते, पण अंगावर काय! एकाचा शर्ट इतका चुरगळलेला की उशाखाली घेऊन झोपला असावा. एका बाईनं साडीवर खेळाचे बूट घातले होते. एकीच्या गळ्यात पांढरा स्टोल, त्यावर तांबडे डाग, आणि नीट बघितलं तर ते डाग छापलेले. आयुष्यभर मी डाग असलेला माल परत पाठवला. इथे डाग छापून विकतात. मोजे न घालता बूट, पाय दिसतील अशा आखूड पँटी. मला वाटलं, यांच्यात माझ्यासारख्यानं घालायचं काय?

आणि एका फोटोत मला तो माणूस दिसला. टेबलामागे उभा होता, कमरेच्या वरचा भागच दिसत होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यावर वाईन कलरचं अंगाला नीट बसलेलं जाकीट, गळ्याशी काळा बो. डाव्या हातावर पांढरंशुभ्र उपरणं घडी करून घेतलेलं. उजव्या हातात बाटली. आजूबाजूचे सगळे चुरगळलेले लोक त्याच्या तोंडाकडे बघत, कान देऊन ऐकत होते. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, यांच्यातही एक तरी व्यवस्थित माणूस आहे. यजमान असणार. मुलीचा बाप कार्यात उभा राहतो तसाच उभा होता. हातावर उपरणंसुद्धा होतं. मला तो माणूस एकदम जवळचा वाटला. का वाटला हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

फोटो घेऊन मी मास्टरकडे गेलो. मास्टर म्हणजे आमच्या दुकानासमोरचा शिंपी, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. माझे कपडे माझ्या लग्नापासून तोच शिवतो. त्यानं मोबाइल नाकाजवळ धरला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "सेठ, हे जाकीट म्याच शिवलंय."

मी म्हणालो, "नाशिकच्या माणसाचं जाकीट तू कुठून शिवशील?"

"ते मला ठाव न्हाई. पण ही खांद्याची गोलाई माझ्या हातची हाय. दुसरा कोणी असा खांदा उतरवत न्हाई."

"तुला आता सगळ्या दुनियेतली जाकिटं तुझीच दिसायलीत. मोतीबिंदू दाखव जरा."

मास्टर चिडला की टेप गळ्याभोवती दोन वेढे गुंडाळतो, तसा त्यानं गुंडाळला. मी दुकानातलं सगळ्यात चांगलं सुटिंग काढून दिलं, साटीनचं अस्तर दिलं. तो माप घेताना म्हणाला, "आतला खिसा नेहमीवानी ठेवू ना?" मी म्हणालो, ठेव.

या आतल्या खिशाचं सांगायला हवं. आमच्या समाजात कुणाचंही कार्य असलं, की पंगतीत आग्रह करायला मी पुढे असतो. वाकून वाढताना गळ्यातलं लिंग, चांदीच्या डबीसकट, शिवदोऱ्याला पुढे लोंबायचं. एकदा एका लग्नात ते वरणाच्या बादलीत बुडता बुडता राहिलं. तेव्हा मास्टरनं मला एक जाकीट शिवून दिलं आणि आतून छातीशी एक छोटा खिसा ठेवला, डबी बसेल एवढाच. मी ते जाकीट पंधरा-सोळा वर्षं वापरलं. पंगतीत मी आणि माझं ते जाकीट, हातावर उपरणं, आणि पुढे मिठाची वाटी घेऊन चालणारी माझी लहान मुलगी. तिची उंची तेव्हा माझ्या खिशापर्यंत होती. ते जाकीट दोन वर्षांपूर्वी घरातून नाहीसं झालं. बायकोनं बोहारणीला दिलं असणार असं मी धरून चाललो होतो आणि आठ-पंधरा दिवसांनी एकदा तरी तिला ते ऐकवत होतो. ती शपथेवर नाही म्हणायची. माझा विश्वास नव्हता.

बो परभणीत कुठे मिळेना. शेवटी इंग्रजी शाळेच्या गणवेशाच्या दुकानात मिळाला. लहान मुलांचा, इलॅस्टिकवाला. मास्टरनं मागे पट्टी जोडून तो माझ्या गळ्याएवढा केला.

कार्यक्रमाच्या दिवशी मुलगी दुपारीच शेतावर गेली होती, मांडामांड करायला. मी चार वाजता तयार झालो. बायको पुरणाचं बघत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "चांगलं दिसायलंय. पण कुणासारखं तरी दिसायलंय."

"कुणासारखं?"

"ते आठवंना."

मी म्हणालो, "तू पण चल." ती म्हणाली, "लेकीनं तुमाला बोलवलंय. तुमी जा. आणि तितं कुणावर वसकू नका."

दिलेल्या वेळेला, पाच वाजता, मी शेतावर पोचलो. मुलगी आणि मुलाची बहीण आत होत्या. जावई कुठे दिसेना. नंतर कळलं की संभाजीनगरहून येणारी जेवणवाल्यांची गाडी रेल्वे फाटकाच्या पलीकडे रस्ता चुकली होती आणि तो ती आणायला गेला होता. अंगणात पंधरा-वीस तरुण माणसं होती, मला एकही ओळखीचं नाही. एका लांब टेबलावर बाटल्या उघडून ठेवल्या होत्या आणि उंच दांड्यांचे काचेचे पेले रांगेनं मांडले होते. भोवती ज्वारी उभी होती आणि ऊन तिरपं यायला लागलं होतं. मी फोटोतल्या माणसाप्रमाणे टेबलामागे जाऊन उभा राहिलो. दुसरीकडे कुठे उभं राहावं ते सुचलंही नाही. डाव्या हातावर उपरणं घेतलं.

पाच मिनिटांत साडीवर बूट घातलेली एक मुलगी आली, माझ्याकडे बघून गोड हसली आणि तिचा रिकामा पेला माझ्या हातात देऊन गेली. मला काही समजेना. मग एक दाढीवाला आला, त्यानंही दिला. मग दोघं जण आले. माझ्या हातात चार पेले झाले. मी विचार केला, ही त्यांच्याकडची रीत असेल. आपल्याकडे मुलीच्या बापाच्या हातात नारळ देतात, यांच्याकडे पेला देत असतील. रिकामा देतात हे थोडं खटकलं. पण सोयरीक नवी, विचारायचं कुणाला? मी ते पेले टेबलावर नीट ओळीत ठेवले. प्रत्येकाला म्हणालो, "या, बसा. सावकाश होऊ द्या." ते थँक्यू म्हणाले.

मग दाढीवाला परत आला. त्याच्या दोन्ही हातांत पेले, दोन्हींत तळाशी थोडी तांबडी वाईन. म्हणाला, "काका, या दोन्हीतली जुनी कुठली? आमच्यात पैज लागलीय. तुम्ही सांगा."

मला काय माहीत! पण त्यानं रंगाची वस्तू माझ्यापुढे धरली होती, आणि हात सवयीनं चालले. मी उपरणं टेबलाच्या कडेला पसरलं, दोन्ही पेले उन्हाकडे घेतले आणि पांढऱ्यावर तिरपे धरून बघितले. पायरीवर वाईन कलर दाखवतो तसेच. आयुष्यात पहिल्यांदा मी ती वस्तू बघत होतो, आणि खरं सांगतो, रंग सुंदर होता. आपल्या ताग्यात तो कधी उतरलेला नाही.

मी म्हणालो, "ही नवी. हिचा रंग अजून जांभळ्याकडे आहे. आणि ही बघा, काठाला विटकरी पडायलीय. ही जुनी असणार. रंग काठालाच आधी विटतो. कापडाचंही असंच, घडी उघडली की पहिल्यांदा कडेलाच कळतं."

त्यानं जाऊन बाटल्यांवरची सालं बघितली. मग ओरडून सगळ्यांना बोलावलं. मी सांगितलं ते बरोबर निघालं होतं. दहा जण टेबलाभोवती गोळा झाले, माझ्याकडे बघत, कान देऊन ऐकत. कुणी विचारलं, "तुम्ही हे कुठे शिकलात?" मी म्हणालो, "दुकानात." ते का हसले मला कळलं नाही, पण प्रेमानं हसले. मला बरं वाटायला लागलं. म्हटलं, जमलं आपल्याला. पोरीनं बघायला हवं.

तेवढ्यात फाटकातून गाडी आत आली आणि तिच्यातून तिघं जण उतरले. तिघांच्या अंगावर कडक पांढरा शर्ट. वाईन कलरचं जाकीट. काळा बो. घडी केलेलं पांढरं कापड हातावर. त्यातला एक भराभर टेबलामागे आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "दादा, तुम्ही कुठल्या एजन्सीकडून? आम्हाला तर तिघंच सांगितले होते."

मला आधी त्याचं बोलणं कळेना. मग कळलं. रिकामे पेले, थँक्यू, टेबलामागची जागा, सगळं एकदम लक्षात आलं. तो माणूस बाटली उघडायला निघाला होता. त्याचा हात जाकिटाच्या आत छातीशी गेला आणि तिथल्या खिशातून त्यानं बूच काढायचा पिळाचा खिळा काढला. त्याच जागेवरून. माझाही हात छातीशी गेला होता, घाबरलो की जातो तसा. त्या खिशात माझं लिंग होतं. मी त्याच्या जाकिटाकडे बघितलं, खांद्याकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं, आणि डोक्यात नुसता कालवा झाला.

मान वर केली तर दारात मुलगी उभी. हातात स्टोलची परडी. ती माझ्याकडे बघत होती, आणि अंगणातले सगळे एकदा त्या तिघांकडे, एकदा माझ्याकडे. दाढीवाल्याचा चेहरा उतरला होता. कुणीतरी हसू दाबलं. मला वाटलं, आता ही ओळख दाखवणार नाही. परडी घेऊन आत वळेल. आणि वळली असती तरी मला बोलायला तोंड नव्हतं, कारण पडद्याची गोष्ट मी केली होती, हिनं नाही. मी उपरणं उचललं आणि टेबलाच्या बाजूनं फाटकाकडे निघालो.

तिनं परडी खाली ठेवली आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझा दंड धरला. मोठ्यानं म्हणाली, "हे माझे अप्पा."

ती पुढे म्हणाली, "तुम्ही सगळे विचारता ना, हा वाढणाऱ्यांचा ड्रेस कुठून सुचला. माझं कंपनीतलं पहिलं काम होतं ते. यांच्यावरून काढलाय. आमच्याकडे पंगतीत अप्पा असेच फिरतात."

सगळे टाळ्या वाजवायला लागले. दाढीवाला येऊन माझ्या पाया पडला. मुलाची बहीण धावत आली, तिचे डोळे भरले होते. मी मात्र लाकडासारखा उभा. टाळ्या कशाच्या आहेत तेच मला उमगेना. माझं हसं झालं की माझा मान झाला? एकाच कपड्यात दोन्ही कसं होतं?

तिनं मला मागच्या बाजूला बाजेवर नेऊन बसवलं आणि पाणी दिलं. मी विचारलं, "जाकीट तू नेलतंस?"

"हो. नमुन्याला नेलं. उसवून माप घेतलं, परत शिवता आलं न्हाई. सांगायची हिंमत झाली न्हाई. नंतर तर आपलं कामाचं बोलणंच बंद पडलं."

"तुझी आई दोन वर्षं माझं ऐकायलीय."

"मला काय माहीत. तिनं कधी सांगितलं न्हाई."

"आणि हा बो?"

"बो माझा न्हाई. तो कंपनीचा हट्ट." ती माझ्या गळ्याकडे बघून हसली. "तुमाला कुठं मिळाला?"

मी सांगितलं नाही. मग माझ्या तोंडून निघालं, "मला तू वेटर केलंस?"

ती म्हणाली, "अप्पा, पंगतीत तुमी काय करता?"

वाढतो, हेच उत्तर होतं. पण पंगतीत मी बाप म्हणून वाढतो, समाजातला माणूस म्हणून वाढतो. तिथे रिकामा पेला हातात देऊन कुणी पाठ फिरवत नाही. की फिरवतात, आणि मला ते कधी दिसलं नाही? आणि तो खिसा. माझ्या लिंगाच्या जागी बूच काढायचा खिळा. ते ऐकलं तर आमचा जंगम काय म्हणेल? मी तिला तेही विचारलं. ती म्हणाली, "त्या माणसाला दिवसभर जी गोष्ट जवळ लागते, ती छातीशी असावी असं वाटलं. म्हणून तुमचा खिसा तसाच ठेवला." मग हळू आवाजात विचारलं, "राग आला का तुमाला?"

"आला असंल," मी म्हणालो. "मला अजून कळायलं न्हाई."

तिथून मी घरी आलो, जेवलो, झोपलो. सकाळीही मला कळलं नव्हतं. साखरपुड्याला घालायला नवं धोतर आणि कोसा रेशमाचा शर्ट काढून ठेवला होता. मी तो शर्ट घडी करून परत ठेवला आणि जाकीट घातलं. बो घातला नाही. बायको म्हणाली, "आता आठवलं, कुणासारखं दिसायलंय ते. तुमच्यासारखंच." मग तिला जुन्या जाकिटाचं सांगितलं. त्या दिवशी तिनं मला चहा दिला नाही. मी तो स्वतः करून घेतला.

साखरपुडा झाला, पंगत बसली. मी उपरणं हातावर घेऊन फिरायला लागलो. पुरणावर तूप, आमटी, अजून एक पोळी, असं चाललं असताना ते धोतरजोडा घेणारे गृहस्थ पानावरून वर बघत म्हणाले, "जाकीट झकास हाय. पोरगी पडद्याचंच काम करते ना अजून?"

मी तुपाची वाटी खाली ठेवली. म्हणालो, "न्हाई. पडद्याचं कधीच करत नव्हती. मी खोटं सांगितलं होतं. ती वाईन पिणाऱ्या लोकांचे आणि त्यांना वाढणाऱ्यांचे कपडे करते. हे जाकीट तिच्याच डोक्यातलं हाय."

ते गृहस्थ पोळी मोडता मोडता थांबले. शेजारच्या दोघांनी माना वर केल्या. मी आणखी तूप वाढलं, आग्रह करून, आणि पुढच्या पानाकडे वाकलो. वाकलो तशी डबी बरगडीत टोचली. जुन्या जाकिटातही टोचायची. पंधरा-सोळा वर्षं मी ते मास्टरला सांगितलं नव्हतं, त्याला वाईट वाटेल म्हणून.

पंगतीच्या टोकाला मुलगी उभी होती, हिरव्या साडीत, हातात मिठाची वाटी. तिनं ऐकलं होतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी तिच्याजवळ गेलो. काय बोलायचं ते मला तेव्हाही समजत नव्हतं. आभार मानायचे, माफी मागायची की त्या खिळ्यावरून भांडायचं? कामाचं बोललो.

"तो आतला खिसा खाली घे," मी म्हणालो. "वाकलं की टोचतो. तुझ्या त्या माणसांनाही टोचत असंल, सांगत नसतील."

"किती खाली?"

"एक बोट."

तिनं वाटी बाजूला ठेवली, कमरेच्या पिशवीतून छोटी वही आणि पेन्सिल काढली आणि वही माझ्यापुढे धरली. मी बोटाचं तूप उपरण्याला पुसून ते कागदावर ठेवलं. तिनं त्याच्या दोन्ही बाजूंनी रेघ मारली.